गाण्याला घातलेलें कुलूप

विकत घेतलेली वस्तु घेणाराची होते, हा व्यवहारांतील सिद्धांत इतका जुना आहे कीं, तो कोठें लिहून ठेवण्याची गरज आपल्या वडीलधाऱ्यांस कधीं भासली नाहीं. बाजारांतून आणलेलें तांब्याचें भांडें सासूकडून सुनेकडे जातें. वाचून झालेलें पुस्तक शेजारी मागून नेतो. आणि विकणाराचें दुकान पुढें बुडालें म्हणून भांड्यास भोंक पडत नाहीं, कीं पुस्तकांतील अक्षरें उडून जात नाहींत. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र एक नवीन प्रकारचा माल बाजारांत आला आणि त्यानें या सिद्धांतास धक्का दिला. पैसे मोजून घेतलेलें गाणें विकणाराच्या मर्जीनें वाजावें व त्याची मर्जी फिरली कीं मुकें व्हावें, असा हा माल होय. त्याचा इतिहास फार लांबचा नाहीं, परंतु बोधप्रद आहे. आणि ज्या घरांतील मुलांच्या खिशांत गाणें वाजविणारें यंत्र आहे त्या प्रत्येक घराशीं त्याचा संबंध पोंचतो. म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच आमची स्वतःची फजिती सांगून टाकतों. सन २००५ मध्यें अध्यापनाच्या निमित्तानें आम्हांस एक वर्ष परदेशीं राहण्याचा योग आला. तेथें संगणकावरून गाणीं विकणाऱ्या एका दुकानांतून आम्हीं हळूहळू त्रेचाळीस गाणीं घेतलीं व प्रत्येकाचे रीतसर पैसे भरले. त्यांपैकीं चौदा गाणीं एका स्नेह्याच्या मोटारींत ऐकण्यासाठीं चकतीवर उतरवून घेतलीं होतीं. स्वदेशीं परतल्यावर कांहीं वर्षांनीं तो संगणक बिघडला. गाणीं नव्या संगणकावर आणलीं, तों त्यानें परवानगी मागितली. आणि परवानगी देणारें दुकान तोंपर्यंत उठून गेलें होतें! चकतीवरचीं चौदा गाणीं आजहि वाजतात. उरलेलीं एकोणतीस आजहि आमच्यापाशीं आहेत, पण वाजत नाहींत. त्याच खोलींत आमच्या वडिलांनीं जमविलेल्या बालगंधर्वांच्या तबकड्या आहेत. त्या विकणारीं दुकानें गेलीं, घेणारेहि गेले. तरी सुई टेंकविली कीं गाणें सुरू होतें. हा भेद कशानें पडला, हें पाहण्याच्या नादांत आम्ही या विषयांत शिरलों.

गाण्यास कुलूप घालण्याची बुद्धि संगणकाबरोबर जन्मली असें मात्र नाहीं. आपल्याकडील घराण्यांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें सांगावयास नको. चांगली चीज ही गवयाची इस्टेट. ती मुलास किंवा गंडा बांधलेल्या शागीर्दास द्यावयाची, आणि इतरांसमोर बोल इतके अस्पष्ट म्हणावयाचे कीं ऐकणाराच्या हातीं कांहीं लागूं नये, असा रिवाज सांगतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं ठिकठिकाणीं हिंडून, उस्तादांचीं मनें वळवून चिजा मिळविल्या व स्वरलिपींत घालून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापून टाकल्या, तेव्हां तीं कुलपें निघालीं. तथापि उस्तादांची बाजूहि ऐकली पाहिजे. ज्याची सारी मिळकत गळ्यांत, त्यानें ती फुकट कां उधळावी? हा प्रश्न रास्त होता व आजहि रास्त आहे. परंतु जें गाणें कोठेंच उतरलें जात नाहीं तें माणसाबरोबर जातें, हेंहि तितकेंच खरें. अल्लादियाखाँसाहेब १९४६ सालीं वारले; त्यांच्या आवाजाचें एकहि ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाहीं. त्यांची गायकी आपण ओळखतों ती शिष्यशाखेच्या गळ्यांतून.

यंत्रानें गाणें गायकापासून सुटें केलें तें गेल्या दीडशें वर्षांत. १८७७ सालीं एडिसननें फोनोग्राफ काढला, त्यानंतर दहा वर्षांनीं बर्लिनरनें सपाट तबकडीची युक्ति शोधली, आणि १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गेसबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर घेतलें. गाणें ही विकतां येणारी वस्तु झाली, त्याबरोबर नकलेचा तंटाहि उपस्थित झाला. अमेरिकेंत पहिला मोठा तंटा झाला तो आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळीवरून. १९०६ सालीं जॉन फिलिप सूसा या प्रसिद्ध बँडवाल्यानें यांत्रिक संगीताच्या संकटावर एक जळजळीत लेख लिहिला. १९०८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, भोंकें पाडलेली गुंडाळी माणसास वाचतां येत नाहीं, सबब ती स्वरलेखाची नक्कल नव्हे. दुसऱ्याच वर्षीं कायदेमंडळानें त्यावर तोड काढली: रचनाकारानें आपली रचना एकदां यंत्रावर येऊं दिली कीं ती कोणीहि आणावी, मात्र दर नगामागें दोन सेंट त्यास द्यावे. यांत कुलूप नव्हतें, दर होता. पुढील हकीकत वाचतांना ही तोड वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

१९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें कॅसेट आणली आणि नक्कल घरोघर पोंचली. आम्ही स्वतः या पापांतून मुक्त नाहीं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत एखाद्या गणेशोत्सवांतील मैफल एकाच्या कॅसेटवरून दुसऱ्यानें, दुसऱ्याच्यावरून तिसऱ्यानें, अशी उतरत उतरत आमच्यापर्यंत येई, तोंवर तंबोऱ्याच्या जागीं नुसती खरखर उरलेली असे. प्रत्येक नकलेगणिक गाणें झिजे, आणि म्हणून अस्सलाची किंमत टिके. हें कुलूप कोणीं घातलेलें नव्हतें; तें फितीच्या अंगचेंच होतें. १९८२ सालीं सोनी व फिलिप्स यांची चकती बाजारांत आली त्या दिवशीं तें निघालें, पण फारसें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. या चकतीवर नाद खोबणीच्या रूपानें नसून आंकड्यांच्या रूपानें असतो. दर सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनीचें माप घेऊन तें लिहिलेलें असतें. आंकड्यांची दुसरी प्रत पहिलीइतकीच अस्सल. असें असूनहि चकतीस कुलूप घातलें गेलें नाहीं, कारण एका चकतीवरील आंकड्यांस ६०० मेगाबाइटांहून अधिक जागा लागे, आणि आयबीएमनें १९८३ सालीं काढलेल्या वैयक्तिक संगणकाच्या साठवणींत १० मेगाबाइट मावत. चोराच्या घरांत माल ठेवावयास जागाच नाहीं, मग दाराला कडी हवी कशास?

आंकड्यांत नक्कल करणाऱ्या डॅट नांवाच्या फितीचें यंत्र १९८७ सालीं निघालें, तेव्हां कंपन्या जाग्या झाल्या. १९९२ सालीं अमेरिकेंत कायदा झाला कीं, अशा यंत्रानें अस्सलाची नक्कल करावी, पण नकलेची नक्कल करूं नये. शिवाय यंत्राच्या किंमतीवर २ टक्के व कोऱ्या फितीवर ३ टक्के पट्टी बसवून ती कलावंत व कंपन्या यांच्यांत वांटावी. योजना वाईट नव्हती. परंतु पुढचें दार असें बंद होत असतां मागल्या दारानें संगणक घरांत शिरला होता, आणि त्यास हा कायदा लागू नव्हता. १९९९ सालीं खिशांत मावणाऱ्या एका वादकयंत्राच्या खटल्यांत न्यायालयानें तसें स्पष्ट सांगितलें.

मध्यंतरीं संगणक मोठे झाले आणि गाणीं लहान झालीं. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांनीं कानाच्या एका दोषाचा उपयोग केला. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानास ऐकूं येत नाहीं. मग जें ऐकूंच येत नाहीं तें लिहावें कशास? सुझान व्हेगा या गायिकेचें साथीवांचून म्हटलेलें एक गाणें पुनःपुन्हां ऐकून त्यांनीं ही पद्धत घासून पुसून घेतली. गाणें सुमारें एकदशांश जागेंत मावूं लागलें, आणि १९९५ पासून अशा गाण्यास ‘एमपी-थ्री’ हें नांव चिकटलें. १९९९ च्या जूनमध्यें शॉन फॅनिंग या तरुणानें नॅपस्टर काढलें. त्याच्या योगानें जगांतील कोणींहि कोणाच्या संगणकावरील गाणें फुकट उचलावें अशी सोय झाली. २००१ च्या जुलैंत न्यायालयाच्या हुकुमानें तें बंद पडलें खरें. पण उधळलेले घोडे तबेल्यांत परत आले नाहींत.

येथून कुलपांचें युग सुरू होतें. हें कुलूप चालतें कसें तें सांगितलें पाहिजे. गाणें गूढलिपींत लिहून ग्राहकास द्यावयाचें. किल्ली मात्र दुकानदाराच्या दूरच्या संगणकांत ठेवावयाची. ग्राहकानें नवें यंत्र घेतलें कीं तें यंत्र दुकानास विचारतें, ‘या गृहस्थास वाजवूं देऊं काय?’ होकार आला तर किल्ली येते, नाहीं तर नाहीं. आतां गूढलिपीचा मूळ उपयोग असा कीं, एकानें दुसऱ्यास पत्र पाठवावें व वाटेवरच्या चोरास तें वाचतां येऊं नये. येथें मात्र ज्यास पत्र पाठवावयाचें तोच चोर समजलेला! गाणें वाजावयाचें तर केव्हां तरी किल्ली त्याच्या यंत्रांत पोंचलीच पाहिजे, आणि शेवटीं नाद मोकळ्या हवेंत आलाच पाहिजे. मुळांतला हा विरोध कोणत्याहि कारागिरीनें मिटणारा नव्हता.

तो कारागिरीनें मिटेना म्हणून दंडशक्तीस बोलावलें गेलें. १९९६ सालीं बौद्धिक संपत्तीच्या जागतिक संघटनेनें दोन करार केले, आणि १९९८ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेनें कायदा केला कीं, कुलूप तोडणें हाच स्वतंत्र अपराध, मग आंतला माल चोरलेला असो वा नसो. याचा परिणाम विद्वानांनाहि भोगावा लागला. २००० सालीं कंपन्यांच्या एका मंडळानें आपल्या नव्या युक्त्या फोडून दाखविण्याचें जाहीर आव्हान दिलें. प्रिन्स्टन येथील प्राध्यापक एडवर्ड फेल्टन व त्यांचे सहकारी यांनीं, बक्षिसाबरोबर येणारी गुप्ततेची अट नको म्हणून बक्षिसावर पाणी सोडून, आपला निबंध लिहिला. तों एप्रिल २००१ मध्यें त्यांस कायद्याचा धाक दाखविणारें पत्र आलें. निबंध त्या सभेंत वाचला गेला नाहीं. तो ऑगस्टांत दुसऱ्या परिषदेपुढें आला. आव्हान स्वतःच द्यावयाचें आणि उत्तर येतांच वकिलाकडे धांवावयाचें, हें कोणत्या न्यायांत बसतें तें आम्हांस कळत नाहीं.

चकत्यांस नव्यानें कुलूप घालण्याचे प्रयत्न तर प्रहसनाच्या योग्यतेचे होते. २००२ सालीं असें आढळलें कीं, एका प्रकारच्या संरक्षित चकतीच्या कडेवर साध्या शाईच्या जाड लेखणीनें रेघ ओढली कीं कुलूप निघतें. २००३ सालीं प्रिन्स्टनच्याच ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्यानें दाखविलें कीं, दुसऱ्या एका प्रकारांत चकती आंत घालतांना संगणकाचें ‘शिफ्ट’ हें बटण दाबून धरणें पुरें. कुलूप करणाऱ्या कंपनीनें प्रथम दाव्याची धमकी दिली व मग ती गिळली. परंतु २००५ सालीं प्रहसनाचें रूप पालटलें. सोनी-बीएमजी कंपनीच्या पन्नासांहून अधिक चकत्यांवर अशी योजना होती कीं, चकती संगणकांत घालतांच एक आज्ञावली गुपचूप आंत शिरून बसावी व स्वतःस लपवून ठेवावी. ३१ ऑक्टोबर रोजीं मार्क रसिनोविच या तज्ज्ञानें ती उघडकीस आणली. तिच्या आडोशास दुसऱ्या हरामखोर आज्ञावल्याहि लपूं लागल्या. नोव्हेंबरांत कंपनीस चकत्या परत घ्याव्या लागल्या, आणि मग दावे उभे राहिले. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, हा उपद्रव झाला तो दुकानांत जाऊन पैसे देणारास. फुकट उचलणाराच्या संगणकास कांहींच झालें नाहीं.

कुलूप चालण्याजोगें केलें तें ॲपल कंपनीनें. २८ एप्रिल २००३ रोजीं तिचें आयट्यून्स हें दुकान सुमारें दोन लक्ष गाण्यांसह उघडलें. दर गाण्यास ९९ सेंट. कुलपाचें नांव ‘फेअरप्ले’. गाणें आरंभीं तीन व पुढें पांच संगणकांवर वाजे, आणि साध्या चकतीवर उतरवितांहि येई. या शेवटच्या सवलतींतच सुटकेची वाट होती. एकदां चकतीवर उतरलेलें गाणें मोकळें. तें पुन्हां संगणकांत घेतलें कीं कुलपाचा मागमूस नाहीं, फक्त नाद किंचित् झिजलेला. आमचीं चौदा गाणीं वांचलीं तीं असल्याच एका सवलतीमुळें. मायक्रोसॉफ्टनें २००४ सालीं निरनिराळ्या दुकानांसाठीं व यंत्रांसाठीं दुसरें कुलूप काढलें. त्याच्या नांवाचा अर्थ ‘नक्की वाजेल’ असा होता. २००६ च्या नोव्हेंबरांत त्याच कंपनीनें झून नांवाचें वादकयंत्र विकावयास काढलें, तों त्यावर हीं ‘नक्की वाजणारीं’ गाणीं वाजेनात!

खरी परीक्षा झाली ती २००८ सालीं. त्या एप्रिलमध्यें मायक्रोसॉफ्टनें आपल्या बंद झालेल्या दुकानाच्या ग्राहकांस कळविलें कीं, ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठीं किल्ल्या मिळणार नाहींत. ओरड झाली, तेव्हां मुदत २०११ अखेरपर्यंत वाढली. जुलैंत याहूनें तशीच नोटीस काढली व पुढें भरपाई देऊं केली. सप्टेंबरांत वॉलमार्टनें तेंच केलें. तो निर्णय लोकक्षोभामुळें तेव्हांपुरता मागें घेतला गेला. वॉलमार्टनें ग्राहकांस केलेला उपदेश असा कीं, गाणीं साध्या चकतीवर उतरवून ठेवा. म्हणजे ज्या मार्गानें कुलूप निकामी होतें, तोच मार्ग कुलूप घालणारानें शिकवावा! दुकानदार लबाड होते असें आम्ही म्हणत नाहीं. किल्ल्या देणारे संगणक चालू ठेवण्यास दरमहा खर्च येतो, आणि माल विकून झाल्यावर तो खर्च कोणीं व किती काळ सोसावा, याचा विचार विक्रीच्या दिवशीं कोणींच केलेला नव्हता.

तोंपर्यंत कंपन्यांचाहि कुलपावरचा विश्वास उडत चालला होता. ६ फेब्रुवारी २००७ रोजीं ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनीं एक जाहीर पत्र लिहिलें. त्यांचा हिशेब सोपा होता: २००६ सालीं कुलूप असलेलीं गाणीं दोनशें कोटींहून कमी विकलीं गेलीं, आणि त्याच वर्षीं कुलूप नसलेल्या चकत्यांवरून त्याच कंपन्यांनीं दोन हजार कोटींहून अधिक गाणीं विकलीं. मग दहांतील एका दारास कुलूप लावून घर सुरक्षित झालें कसें? अर्थात् जॉब्स यांचा स्वार्थ यांत नव्हता असें नाहीं. युरोपांतील कांहीं देश त्यांच्याच कुलपावर आक्षेप घेत होते. २ एप्रिलला ईएमआय कंपनी तयार झाली. सप्टेंबरांत ॲमेझॉननें मोकळ्या गाण्यांचें दुकान काढलें. २००८ च्या जानेवारींत चार मोठ्या कंपन्यांपैकीं शेवटची सोनी-बीएमजीहि त्यास मिळाली. आणि ६ जानेवारी २००९ रोजीं ॲपलनें आपलें सारें दुकान मोकळें करण्याचें जाहीर केलें. पूर्वीं घेतलेल्या गाण्याचें कुलूप काढून पाहिजे असेल तर दर गाण्यास आणखी ३० सेंट! धंदा बुडाला नाहीं, दुकानें चाललीं.

येथें कोणी म्हणेल कीं, आपण पैसे देणारे म्हणून ग्राहकाचा कैवार घेतां. पण नकलेमुळें ज्या गायकाचें पोट मारलें जातें त्याचें काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. ज्या उस्तादाची गोष्ट वर सांगितली त्याचाच हा प्रश्न होय, आणि आमच्या कॉलेजांतील कॅसेटींनीं कोणाचें तरी नुकसान केलें असेल हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. परंतु इतिहासाची साक्ष काय पडते? १९०९ ची दोन सेंटांची तोड कलावंताच्या पदरांत कांहीं टाकी. २००५ च्या गुप्त आज्ञावलीनें कोणाच्याच पदरांत कांहीं पडलें नाहीं. सोपें दुकान व माफक दर यांनीं जेवढे लोक चोरबाजारांतून परत आणले तेवढे कुलपानें आणल्याचें दिसत नाहीं. आपल्या देशाच्या कायद्यानें या बाबतींत बरा विवेक दाखविला आहे. १९५७ च्या कायद्यांत २०१२ सालीं जें ६५-अ कलम घातलें गेलें, त्यांत कुलूप तोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे, पण केव्हां? हक्कभंगाच्या उद्देशानें तें तोडलें असेल तर. स्वतःच्या घरची किल्ली हरवलेला गृहस्थ आणि दरोडेखोर यांत कायद्यानें भेद करावा, एवढीच अपेक्षा असते.

आतां वाचकांस वाटेल कीं, कुलूप गेलें, गोष्ट संपली. तसें नाहीं. आजची बहुतेक मंडळी गाणें विकत घेतच नाहींत. महिन्याचें भाडें भरून ऐकतात. त्या भाड्याच्या यंत्रणेंत ‘उतरवून घेतलेलें’ गाणें कुलूपबंदच असतें, आणि भाडें थकलें कीं मुकें होतें. भाड्याचें घर वाईट असतें असें नाहीं. पण आपण भाडेकरू आहों हें भाडेकरूस ठाऊक असावें. कॅलिफोर्निया राज्यानें २०२४ सालीं कायदा केला व तो २०२५ पासून लागू झाला. त्याअन्वयें जो माल वस्तुतः परवाना आहे, त्याची विक्री करतांना तसें स्पष्ट सांगावें लागतें. उलट बाजूनें आपल्याकडील एक उदाहरण पाहा. फ्लिपकार्टनें २०१२ सालीं फ्लाइट नांवाचें गाण्यांचें दुकान काढलें व २०१३ सालीं तें बंद केलें. परंतु त्यांचीं गाणीं कुलपावांचून होतीं. ज्यांनीं तीं उतरवून घेतलीं त्यांच्याकडे तीं आजहि वाजतील.

आमच्या गृहस्थाश्रमी वाचकांस सांगणें एवढेंच कीं, जें गाणें घरांत राहावें असें वाटतें तें मोकळ्या रूपांत विकत घ्यावें, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या, आणि गाणाराचा पैसा गाणाराकडे पोंचेल असें दुकान निवडावें. बाकीचें खुशाल भाड्यानें ऐकावें.

१९७७ सालीं व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं गेलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, आणि तींत अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत बाई वारल्या. ती तबकडी कोणास सांपडेल, सांपडेल कीं नाहीं, कोणीच सांगूं शकत नाहीं. तरी पाठविणारांनीं बरोबर सुई दिली आहे आणि वेष्टनावर ती कशी वाजवावी याच्या आकृति कोरल्या आहेत. ज्याची ओळख नाहीं, भाषा नाहीं, पत्ता नाहीं, अशा ऐकणारावर एवढा विश्वास टाकतां आला. दुकानांत येऊन पैसे मोजणारावर मात्र टाकतां आला नाहीं. आमचीं एकोणतीस गाणीं आम्हीं अद्यापि पुसून टाकलेलीं नाहींत. वाजण्याची आशा नाहीं. परंतु पुढील वर्षीं हा भाग वर्गांत शिकवावयाचा आहे, तेव्हां विद्यार्थ्यांस दाखवावयास तीं उपयोगी पडतील.